घराची देणी फेडण्यासाठी लग्न करावे का?

उंबरठ्यावर :
नमस्कार. गेली काही वर्षे मी येथे वाचनमात्र आहे. लिहिण्याची ही पहिलीच वेळ. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, परंतु पेच जसा आहे तसाच मांडतो आहे.

माझे वय ३१ आहे. वडिलांचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा लहानसा कारखाना आहे आणि शिक्षण संपल्यापासून मी तेथेच काम करतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाचा धंदा बसला आणि त्याच्याकडची आमची उधारी बुडाली. नेमके त्याच वर्षी आम्ही नव्या यंत्रासाठी कर्ज काढले होते. तेव्हापासून बँकेचा हप्ता भरला की कागदाचे पैसे थकतात आणि कागदाचे पैसे चुकते केले की हप्ता राहतो, असे चालू आहे. आम्हाला कागद पुरवणारे जे गृहस्थ आहेत त्यांचे येणे आता एवढे वाढले आहे की त्यांनी पुरवठा थांबवला तर कारखाना त्याच आठवड्यात बंद पडेल.

दोन महिन्यांपूर्वी याच गृहस्थांनी आपल्या एकुलत्या एका मुलीसाठी माझ्याबद्दल विचारणा केली. लग्न झाले तर जुने येणे ते सोडून देतील आणि कारखान्यात नवे भांडवलही घालतील, असे कोणी उघडपणे बोललेले नाही; पण दोन्ही घरांतील मोठ्यांनी ते गृहीत धरलेले आहे. मुलीला मी दोनदा भेटलो. ती शिकलेली, शांत आणि समंजस वाटली. तिला नाव ठेवायला जागा नाही आणि खरे तर हीच अडचण आहे, कारण नकाराचे कारण म्हणून पुढे करता येईल असे तिच्याकडे काहीच नाही.

कारण आहे ते माझ्याकडे. गेली चार वर्षे माझे एका मुलीवर प्रेम आहे. ती एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्या पगाराचा मोठा भाग धाकट्या भावाच्या शिक्षणाला जातो आणि तिच्या घरी शिल्लक म्हणावी असे काही नाही. माझ्या आईवडिलांना ती ठाऊक आहे, आवडतही होती. ‘होती’ असे लिहावे लागते आहे, कारण दोन महिन्यांपासून तिचे नाव घरात कोणी घेत नाही. मी तिला हे सारे सांगितले तेव्हा ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने एवढेच विचारले, “एकूण रक्कम किती आहे?” मला सांगता आले नाही.

त्या रात्री मी वडिलांकडे हिशेबाची वही मागितली. त्यांनी खणातून ती काढून माझ्यापुढे सरकवली आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. देण्यांच्या पानावर चार रकाने होते : नाव, रक्कम, केव्हापासून, केव्हा द्यायचे. बाकी सगळ्यांच्या नावांपुढे शेवटच्या रकान्यात तारखा होत्या. कागदवाल्यांच्या नावापुढे पेन्सिलीने ‘लग्नानंतर’ असे लिहिलेले होते.

वडिलांनी माझ्यावर आजवर कधी जबरदस्ती केली नाही, आताही करत नाहीत. उद्या मी नाही म्हटले तर ते एक अक्षर बोलणार नाहीत, हे मला पक्के माहीत आहे, आणि म्हणूनच नाही म्हणणे इतके जड जाते आहे. अनुभवी मंडळींनी आपले मत द्यावे, ही विनंती.

तिरकस :
‘करावे का’ असे विचारणाऱ्याला बहुधा करायचे नसते. नकाराची जबाबदारी वाटून घेणारे कोणीतरी हवे असते, एवढेच. माझ्या वाट्याची मी घेतली असे समजा.

मावळतीचे ऊन :
तिरकस यांना ते सोपे वाटते, कारण देणी त्यांची नाहीत.

तुम्ही ज्या दारापाशी उभे आहात त्यातून मी ३४ वर्षांपूर्वी आत गेले, आणि आत नुसता अंधार असतो असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. वडील अकाली गेले तेव्हा मी २४ वर्षांची होते, दोन धाकट्या बहिणी शिकत होत्या आणि घरात मिळवते कोणी नव्हते. ज्याच्यावर माझा जीव होता तो मनाने चांगला होता, परंतु त्याचे स्वतःचेच भागताना नाकी नऊ येत होते. एका सधन घरातून मागणी आली आणि मी होकार दिला. होकार देण्यापूर्वी मी त्या नात्याबद्दल यजमानांना सांगितले होते. त्यांनी ऐकून घेतले आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. दोन्ही बहिणी शिकल्या. आमचा संसार चांगला झाला. त्याला प्रेम म्हणावे की सवय, हा प्रश्न मला तरुणपणी पुष्कळ पडत असे. त्यांच्या आजारपणात रात्ररात्र जागताना मात्र तो एकदाही पडला नाही.

पण एक गोष्ट मला त्या वेळी कोणी सांगितली नव्हती, ती तुम्हाला सांगते. पैसा घरात होता, माझा नव्हता. पहिली अकरा वर्षे मला प्रत्येक रक्कम मागावी लागली. यजमानांनी ‘नाही’ कधीच म्हटले नाही, पण ‘कशाला?’ हे प्रत्येक वेळी विचारले. बहिणीची फी भरायची असो की स्वतःला चष्मा करायचा असो, ‘कशाला?’ आलेच. त्यात खवचटपणा नव्हता, ती त्यांची व्यवहाराची रीत होती. परंतु उत्तरे देता देता मी माझ्याच आयुष्याचा जमाखर्च दुसऱ्याला तपासायला देते आहे, असे वाटत असे. बाराव्या वर्षी मी शिकवण्या सुरू केल्या. पहिल्या महिन्याचे पैसे कितीतरी दिवस पर्समध्ये तसेच होते, मोडवत नव्हते.

तेव्हा हे स्थळ स्वीकारायचे असेल तर जरूर स्वीकारा, मात्र त्याला त्याग म्हणू नका. तो व्यवहार आहे, आणि उघड्या डोळ्यांनी, समोरच्याला सर्व सांगून केलेल्या व्यवहारात लाज वाटण्यासारखे काही नसते. त्यागाची भाषा एकदा तोंडात बसली की माणूस समोरच्याकडून त्याची परतफेड आयुष्यभर मागत राहतो, आणि त्या बिचाऱ्याला आपण नेमके काय घेतले होते तेच ठाऊक नसते.

पारवा :
वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझी गोष्ट याच्या उलट आहे, पण संपते जवळजवळ तेथेच.

माझे लग्न प्रेमाचे, दोन्ही घरांचा विरोध पत्करून केलेले. पैशाबद्दल आम्ही कधी बोललो नाही; बोलणे कमीपणाचे वाटत असे. लग्नानंतर सहा वर्षांनी घर बदलताना कपाट पुढे ओढले तेव्हा मागे पाकिटांचा गठ्ठा सापडला. सगळी न उघडलेली, सगळी कर्ज देणाऱ्यांकडून आलेली. नवऱ्याने लग्नाआधीच भावासाठी कर्ज काढले होते आणि ते फेडायला आणखी दोन कर्जे काढली होती. मला काळजी वाटू नये म्हणून त्याने ते लपवले, असे तो म्हणाला, आणि मला वाटते तो खरेच बोलत होता. कर्ज आम्ही चार वर्षांत फेडले. विश्वास बसायला त्याहून जास्त काळ लागला, आणि आजही कपाटामागे काही पडल्याचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो.

धागाकर्ते, तुमच्या मैत्रिणीने ‘एकूण रक्कम किती?’ असे विचारले, त्यात तुम्हाला कदाचित कोरडेपणा वाटला असेल. मला तो या संपूर्ण हकिकतीतला सर्वांत प्रेमाचा प्रश्न वाटला. सोडून जायचे असते तर तिला आकड्याची गरज नव्हती.

इतिहासवेडा :
या पेचाचे एक गाजलेले उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. इंग्लंडमधल्या मार्लबरोच्या नवव्या ड्यूकपाशी ब्लेनिम हा अवाढव्य राजवाडा होता आणि तो सांभाळायला पैसा नव्हता. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट घराण्याकडे रेल्वेचा अमाप पैसा होता आणि कॉन्सुएलो नावाची मुलगी होती. ६ नोव्हेंबर १८९५ रोजी न्यूयॉर्कमध्ये दोघांचे लग्न झाले. तेव्हा ती १८ वर्षांची होती. लग्नाच्या करारात ड्यूकला एका रेल्वे कंपनीचे २५ लाख डॉलर किमतीचे समभाग मिळाले आणि त्यांवर किमान ४ टक्के लाभांशाची हमीही.

बहुतेक लोक ही गोष्ट बिचाऱ्या मुलीची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेही : तिचे दुसऱ्या एकावर प्रेम होते आणि आईने तिच्यावर सक्ती केली. परंतु कॉन्सुएलोने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, लग्नानंतर लगेचच ड्यूकने तिला सांगितले, आपलेही प्रेम दुसरीवर होते आणि ब्लेनिम वाचवण्यासाठीच आपण हे लग्न केले. म्हणजे त्या घरात दोन माणसे होती आणि दोघांनीही आपापले माणूस सोडलेले होते. १९०६ मध्ये ती दोघे वेगळी झाली, १९२१ मध्ये घटस्फोट झाला. पुढे १९२६ मध्ये कॅथलिक चर्चच्या न्यायासनाने ते लग्न मुळातच रद्दबातल ठरवले, आणि तेथे आपण मुलीवर बळजबरी केल्याची साक्ष खुद्द तिच्या आईने दिली. एखाद्या आईने तीस वर्षांनी असे कबूल करणे ही लहान गोष्ट नव्हे. घटस्फोटानंतर कॉन्सुएलोने झाक बाल्सान या फ्रेंच वैमानिकाशी लग्न केले आणि तो १९५६ मध्ये जाईपर्यंत ते टिकले.

तिरकस :
इतिहासवेडा यांनी सोयीचे तेवढेच सांगितले. त्याच १९२१ मध्ये ड्यूकनेही ग्लॅडिस डीकन या आपल्या वर्षानुवर्षांच्या प्रेयसीशी लग्न केले, आणि त्या प्रेमविवाहाचा शेवट इतका कडू झाला की अखेरीस तिला ब्लेनिममधून बाहेर पडावे लागले. आणखी एक. राजवाडा वाचला. त्याची दुरुस्ती झाली, बागा झाल्या, आणि १९८७ पासून तो जागतिक वारसा म्हणून मिरवतो आहे. ज्या कामासाठी पैसा घेतला होता ते काम पैशाने चोख केले. माणसांचे काम त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

इतिहासवेडा :
ग्लॅडिसचे मान्य. मग नकाराचीही किंमत सांगतो, म्हणजे कोणाची बाजू घेतल्यासारखे होणार नाही. २ डिसेंबर १८०२ रोजी हॅरिस बिग-विदर या मोठ्या मालमत्तेच्या वारसाने जेन ऑस्टेनला मागणी घातली. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. तो तिच्या मैत्रिणींचा भाऊ होता, घर ओळखीचे होते, आईवडिलांची आणि बहिणीची कायमची सोय झाली असती. १८०५ मध्ये वडील वारले, आणि त्यानंतर या मायलेकींना भावांनी दिलेल्या मदतीवर, या घरातून त्या घरात फिरत दिवस काढावे लागले. स्वतःचे म्हणावे असे बिऱ्हाड मिळायला १८०९ साल उजाडले, तेही एका भावाच्या कृपेने. तिची पहिली कादंबरी १८११ मध्ये आली, म्हणून आज आपण त्या नकाराचे कौतुक करतो. मधल्या वर्षांत ती नकाराबद्दल काय म्हणाली असती कोण जाणे.

मध्यरेषा :
थोडे संशोधनाकडे वळतो. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील सुमारे साडेचार लाख उत्तरांच्या आधारे असे मांडले होते की, रोजच्या जगण्यातला आनंद वर्षाला ७५,००० डॉलरच्या उत्पन्नापर्यंत वाढतो आणि पुढे फारसा वाढत नाही. ‘पैशाने सुख मिळत नाही’ म्हणणाऱ्यांना ते फार आवडले. पण २०२३ मध्ये त्याच कानेमन यांनी मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांच्याबरोबर काम करून दाखवले की बहुतेकांचा आनंद त्यापुढेही उत्पन्नाबरोबर वाढत जातो. थबकतो तो प्रामुख्याने आधीच दुःखी असलेल्या लोकांचा. तेव्हा पैशाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही.

पारवा :
हे आकडे माणसाच्या घरात येणाऱ्या उत्पन्नाचे आहेत. सासऱ्याने माफ केलेल्या कर्जातून किती आनंद मिळतो, हे त्यात कोणी मोजलेले दिसत नाही. आणि दुःखी लोकांविषयीचे वाक्य तर धागाकर्त्यांनी भिंतीवर लावावे : मनाविरुद्ध लग्न करून दुःखी झालेल्या माणसाला नेमका पैशाचाच उपयोग कमी होणार.

वडीलधारा :
येथे सर्वजण दोघांच्या प्रेमाविषयी बोलत आहेत. त्या कारखान्यात काम करणाऱ्यांचा विचार कोणी केला आहे का? धंदा बुडाला तर त्यांच्या घरी काय होईल? वडिलांनी तीस-चाळीस वर्षे घाम गाळून जे उभे केले ते मुलाच्या हट्टापायी बसू द्यायचे का? आमच्या पिढीने असे प्रश्न विचारले नाहीत, पडेल ते केले, आणि आमचे संसार काही वाईट झाले नाहीत. प्रेम लग्नानंतरही होते. बुडालेला कारखाना मात्र पुन्हा उभा राहत नाही.

उंबरठ्यावर :
वडीलधारा यांनी लिहिले तेच मी रात्री स्वतःशी बोलत असतो. कारखान्यात २२ माणसे आहेत. त्यांतले एक काका मी शाळेत असल्यापासून आहेत. माझी पहिली सायकल त्यांनी धरली होती. गेल्या आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन एवढेच विचारले की, मुलाच्या फीसाठी कर्ज काढू की थांबू? त्यांना काय उत्तर द्यायचे?

हिशेबनीस :
भावनेचे प्रश्न भावनेच्या जाणकारांवर सोडतो. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद पाहिले आहेत, आणि या धाग्यात मला एक मोठे भोक दिसते आहे : हा पैसा मिळाला तर कारखाना वाचेल, असे सर्वांनी धरून चालले आहे. कशावरून?

कारखान्याला दोन प्रकारचे आजार असतात. पहिला असा की धंदा मुळात नफ्यात आहे, पण एखादी मोठी उधारी बुडाल्यामुळे खेळते भांडवल आटले आहे. दुसरा असा की प्रत्येक खोक्यामागे थोडाथोडा तोटाच होतो आहे आणि उधारी बुडाली नसती तरी हीच वेळ दोन वर्षे उशिरा आली असती. पहिल्या आजारावर पैसा हे औषध आहे. दुसऱ्यावर पैसा म्हणजे गळक्या बादलीत ओतलेले पाणी. सासऱ्याने ओतले काय आणि बँकेने ओतले काय. तुम्ही ३१ वर्षांचे आहात, तेथेच काम करता, आणि एकूण देणे किती हे तुम्हाला परवापर्यंत माहीत नव्हते. रागावू नका, पण मला लग्नापेक्षा याची जास्त काळजी वाटते.

आता तुमच्या ‘सर्वांनी गृहीत धरलेल्या’ देण्याघेण्याविषयी. त्या ड्यूकला जे मिळाले ते करारात लिहिलेले होते, समभागांची किंमत आणि लाभांशाची टक्केवारी यांसकट. तुमच्याकडे काय आहे? जुने येणे खरेच माफ होणार, की वसुली नुसती लांबणीवर पडणार? नवे भांडवल कर्ज म्हणून येणार की भागीदारी म्हणून? भागीदारी असेल तर सही कोणाची चालणार? लग्न मोडले तर पैसा परत मागितला जाणार का? हे प्रश्न विचारायची तुम्हाला लाज वाटेल, कारण समोर सासरे बसलेले असतील. आज ते तुमचे सावकार आहेत आणि त्यांना ‘मुदत द्या’ असे सरळ म्हणता येते. उद्या ते सावकारही असतील आणि सासरेही, आणि मग मुदत मागणे हे त्यांच्या मुलीच्या संसाराविषयी बोलणे ठरेल. मावळतीचे ऊन यांच्या घरातला तो ‘कशाला?’ तुमच्याकडे प्रत्येक खरेदीच्या पावतीवर येईल.

आणि वडीलधारा यांना एवढेच : २२ माणसांची काळजी रास्त आहे, पण त्यांचा पगार ग्राहकांच्या मागणीतून निघतो. ती नसेल तर वरातीतून तो किती महिने निघेल?

सावली :
एवढे सगळे बोलले, आणि एका माणसाला कोणीच काही विचारले नाही. कागदवाल्यांची मुलगी. तिला हे ठाऊक आहे का? धागाकर्त्यांची मैत्रीण आहे हे ठाऊक आहे का? आपल्या लग्नाने कोणाची तरी बाकी वळती होणार आहे, हे ठाऊक आहे का?

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील सोळाव्या कलमात असे म्हटले आहे की, विवाह इच्छुक वधूवरांच्या मुक्त आणि पूर्ण संमतीनेच झाला पाहिजे. ‘मुक्त’ या शब्दाकडे सर्वांचे लक्ष जाते, ‘पूर्ण’कडे जात नाही. जिच्यापासून निम्मी हकिकत लपवली आहे तिची संमती पूर्ण कशी म्हणायची? धागाकर्ते स्वतःच्या मनाची घालमेल इतक्या प्रांजळपणे लिहितात आणि तिचे वर्णन ‘तिला नाव ठेवायला जागा नाही’ एवढ्यावर संपवतात. तीही रात्री छताकडे पाहत पडून राहत असेल, ही शक्यता त्यांना सुचलेली नाही.

उंबरठ्यावर :
सावली, तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटले, कारण तो बरोबर आहे. मी तिला सांगायला हवे. थोडा वेळ द्या.

वडीलधारा :
मुलीला असे काही सांगायला जाणे म्हणजे दोन्ही घरांचा अपमान आहे. विचार करून पाऊल टाकावे.

मावळतीचे ऊन :
मी माझ्या यजमानांना सांगितले होते, तेव्हा अपमान कोणाचाच झाला नव्हता. ते न सांगता आमची ३४ वर्षे झाली असती, असे मला वाटत नाही.

उंबरठ्यावर :
तीन आठवड्यांनी लिहितो आहे. उशिराबद्दल क्षमस्व.

मी तिला भेटलो आणि सर्व सांगितले : मैत्रीण, देणी, वहीतला तो शब्दही. ती बराच वेळ हातातल्या किल्ल्या फिरवत बसली होती. मग म्हणाली, “मला बाबांनी सांगितलं होतं की तुम्ही स्वतःहून विचारणा केली आहे.” आम्हाला तर विचारणा तिच्या घरून आल्याचे सांगितले होते. नेमके कोणी कोणाला आधी विचारले हे मला अजूनही कळलेले नाही; बहुधा दोन म्हातारे उधारीविषयी बोलत बसले असताना कोणाच्या तरी तोंडून ते निघाले असावे. उठताना तिने विचारले की, माझ्या वडिलांना तुम्ही सांगणार की मी सांगू? मी सांगतो म्हटले. ती म्हणाली, “नको. तुम्ही सांगितलं तर ते उधारीचं बोलतील. मी सांगितलं तर त्यांना माझं ऐकावं लागेल.”

तिने सांगितले. काय सांगितले ते मला माहीत नाही. चार दिवसांनी त्यांच्या कचेरीतून पत्र आले : यापुढे माल रोखीने, आणि जुने येणे अठरा महिन्यांत समान हप्त्यांनी. मला हे पत्र सूड वाटले होते. माझ्या मैत्रिणीने ते वाचून सांगितले की, हा सूड नाही, ही मुदत आहे, आणि ती तुम्ही कधी मागितलीच नव्हती.

त्यानंतरच्या दोन रविवारी ती आणि मी कारखान्यात बसून मागच्या तीन वर्षांचा प्रत्येक ग्राहक वेगळा काढून पाहत होतो. हिशेबनीस यांचे दोन्ही आजार आम्हाला आहेत. मोठ्या मापाच्या खोक्यांत नफा आहे. लहान मापाची खोकी आम्ही केवळ जुन्या संबंधांखातर तोट्यात विकत होतो. कागदाचे भाव वाढल्यावर दर बदललेच नाहीत. नवे यंत्र लहान खोक्यांसाठीच घेतले होते. ते विकून कर्जाचा निम्म्याहून अधिक भाग फिटेल असे दिसते, पण मग २२ पैकी सहा जणांना काम उरणार नाही. सायकलवाले काका त्या सहांत नाहीत. बाकीच्यांची नावे मी अजून वडिलांना वाचून दाखवलेली नाहीत.

वडील माझ्याशी कामापुरते बोलतात. आईने परवा माझ्या मैत्रिणीचे नाव घेतले, तेही ‘तिला हिशेब बरा समजतो’ एवढेच. वही आता माझ्याकडे असते. तो रकाना मी खोडलेला नाही; वडिलांनी स्वतःच खोडून पहिल्या हप्त्याची तारीख लिहिली, शाईने.

सोमवारी बँकेत जायचे आहे. हप्ते लांबवून मागायचे आणि यंत्र विकण्याची परवानगी मागायची, असे दोन्ही विषय आहेत. कोणता आधी काढावा?

हिशेबनीस :
यंत्र आधी. ते बहुधा कर्जाला तारण असेल, त्यामुळे बँकेच्या लेखी संमतीशिवाय कोणाशीही सौदा ठरवू नका, आणि इसाराची रक्कम तर मुळीच घेऊ नका. किमान दोन खरेदीदारांकडून लेखी दर घेऊन जा. कर्ज किती कमी होईल हे प्रथम दाखवा आणि उरलेल्या रकमेसाठीच मुदत मागा. ‘परवडत नाही’ म्हणून मागितलेली मुदत आणि ‘एवढे फेडून उरलेल्यासाठी’ मागितलेली मुदत यांत अधिकाऱ्याच्या दृष्टीने फार अंतर असते. तीन वर्षांचे ताळेबंद, ग्राहकवार येणेबाकीची यादी आणि कागदवाल्यांचे ते अठरा महिन्यांचे पत्र सोबत ठेवा. पुरवठादाराने मुदत दिली आहे, ही तुमची सर्वांत भक्कम बाजू आहे. कर्जाच्या कागदांवर जामीनदार म्हणून तुमची सही आहे का, तेही जाण्यापूर्वी पाहून घ्या. नसेल, तर नव्या कागदांवर ती मागितली जाईल. तेथल्या तेथे करू नका, कागद घरी आणून वाचा.

आणि ज्या व्यक्तीने ग्राहक वेगळे काढले तिला बरोबर न्या. आकडे तिला पाठ असतील.

उंबरठ्यावर :
तिने सोमवारची रजा टाकली आहे. जामिनाचे कागद आज रात्री शोधतो.